चारित्र्याचा निकष आणि महाविद्यालयाचे प्रवेशद्वार : अमेरिकेतील अभ्यासेतर कार्याच्या मूल्यमापनाचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेतील नामवंत महाविद्यालयांत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास शालेय गुणपत्रिकेबरोबर आणखी एक तक्ता भरून द्यावा लागतो. १९७५ मध्ये पंधरा महाविद्यालयांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या आणि पुढे हजाराहून अधिक संस्थांनी स्वीकारलेल्या 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जात या तक्त्यासाठी दहा जागा आहेत. वादविवाद मंडळ, वाद्यवृंद, पोहणे, रुग्णालयातील स्वयंसेवा, जे काही केले असेल ते विद्यार्थ्याने दीडशे अक्षरांच्या मर्यादेत मांडावयाचे आणि त्यापुढे आठवड्याचे तास व वर्षातील आठवडे नोंदवावयाचे, अशी त्याची रचना आहे.

दहावी-बारावीच्या टक्केवारीवर ज्यांचे आयुष्य ठरले, अशा महाराष्ट्रातील पालकांना व प्राध्यापकांना हा तक्ता स्वाभाविकपणे उदार वाटतो. तिकडे विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास पाहतात, आपल्याकडे केवळ गुण पाहतात, हे विधान शैक्षणिक चर्चासत्रांतून इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तथापि प्रवेशाच्या वेळी अभ्यासेतर कार्य मोजण्याची ही पद्धत कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली, हे पाहू गेल्यास निराळेच चित्र समोर येते. हॅरॉल्ड वेक्स्लर, मार्शिया ग्रॅहम सिनॉट आणि जेरोम कॅराबेल या अभ्यासकांनी विद्यापीठांच्या दप्तरखान्यांतील पत्रव्यवहार व समित्यांचे अहवाल चाळून हा इतिहास उजेडात आणला. त्यातील काही टप्प्यांचा परामर्श घेणे आणि त्याचा आपल्याकडील व्यवस्थेशी कोठे संबंध पोहोचतो हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षेचे युग

हार्वर्डची स्थापना १६३६ ची. त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे तेथील प्रवेशाचा प्रश्न तत्त्वतः सोपा होता. लॅटिन, ग्रीक, गणित अशा विषयांची परीक्षा द्यावी, उत्तीर्ण व्हावे, शुल्क भरावे आणि प्रवेश घ्यावा. काही विषयांत कमी पडलेल्या मुलांनाही ते विषय पुढे सोडवण्याच्या अटीवर घेतले जाई. आपल्याकडील ए.टी.के.टी.ची आठवण व्हावी अशीच ही सोय होती. जागांपेक्षा उमेदवार फार अधिक नसल्यामुळे निवड करण्याची वेळच येत नव्हती. १९०० मध्ये 'कॉलेज एन्ट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड' स्थापन होऊन पुढील वर्षापासून सामाईक परीक्षा सुरू झाल्या. त्यामुळे निरनिराळ्या शाळांतील मुलांना एकाच परीक्षेतून प्रवेशाची वाट मोकळी झाली.

या काळात विद्यार्थी खेळत नव्हते, असे मात्र नाही. हार्वर्ड आणि येल यांच्यातील नौकाशर्यत १८५२ पासूनची आहे. रटगर्स व प्रिन्स्टन यांचा फुटबॉलचा सामना १८६९ मध्ये झाला. नियतकालिके, नाट्यमंडळे, वादविवाद संघ, खासगी क्लब असे एक समृद्ध जग विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाच्या बाहेर स्वतःच उभे केले होते. श्रीमंत घराण्यांतील मुलांच्या लेखी महाविद्यालय म्हणजे मुख्यतः हेच जग होते, आणि वर्गातील तासिका त्याच्यासाठी मोजावे लागणारे मूल्य. वुड्रो विल्सन हे प्रिन्स्टनचे अध्यक्ष असताना त्यांनी १९०७ मध्ये तेथील भोजन-क्लबांची व्यवस्था मोडून काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या विरोधापुढे त्यांना माघार घ्यावी लागली. यावरून या जगाचे सामर्थ्य कळून येते. पण महत्त्वाची गोष्ट अशी की हे सर्व प्रवेश मिळाल्यानंतरचे होते. दारातून आत येण्यासाठी त्याची विचारणा होत नव्हती.

चारित्र्य, मैदानी खेळ आणि नेतृत्व यांना विद्वत्तेच्या बरोबरीने तराजूत घालण्याची कल्पना इंग्लंडमधील 'पब्लिक स्कूल'च्या परंपरेतून आली. १८८४ मध्ये एंडिकॉट पीबडी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापिलेली ग्रोटन शाळा हा त्याच परंपरेचा अमेरिकन अवतार होय. सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानुसार १९०२ नंतर सुरू झालेल्या शिष्यवृत्त्यांनी या कल्पनेला संस्थात्मक प्रतिष्ठा दिली. केवळ पुस्तकी किडे नकोत, ही ऱ्होड्स यांची अट होती आणि मैदानी खेळांची आवड हा त्यांचा एक स्पष्ट निकष होता. म्हणजे कल्पना तयार होती. तिचा उपयोग करण्याचे निमित्त दोन दशकांनंतर आले.

१९२२ ते १९२६ : निकष बदलण्याचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पूर्व युरोपातील ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने न्यूयॉर्क, बोस्टन आदी शहरांत येऊन स्थायिक झाली. त्यांची मुले सरकारी शाळांत शिकली आणि परीक्षेच्या उघड्या दारातून महाविद्यालयांत पोहोचली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेथील पदवीपूर्व महाविद्यालयात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पुढील काही वर्षांत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेल्याचे अभ्यासक मानतात. वरच्या वर्गातील कुटुंबांनी मग आपली मुले अन्यत्र पाठवण्यास प्रारंभ केला. हार्वर्डमध्ये १९०० च्या सुमारास सात टक्के असलेले हे प्रमाण १९२२ पर्यंत वीस टक्क्यांच्या वर गेले. कोलंबियाचे झाले ते आपले होईल, ही धास्ती हार्वर्डचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी घेतली.

लोवेल यांची वृत्ती लपलेली नव्हती. परदेशातून येणाऱ्यांवर निर्बंध घालू पाहणाऱ्या 'इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग'चे ते उपाध्यक्ष होते. प्रथम वर्षाच्या वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना जागा नाकारण्याचा निर्णयही त्यांच्याच कारकिर्दीतील. १९२२ मध्ये त्यांनी ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर मर्यादित करण्याचा विचार उघडपणे मांडला, तेव्हा वृत्तपत्रांतून गदारोळ झाला आणि प्राध्यापकांची समिती नेमावी लागली. समितीने १९२३ मध्ये दिलेल्या अहवालात वंश वा धर्म यांवर आधारित मर्यादा नाकारली. इतकेच नव्हे, तर दक्षिण व पश्चिमेकडील दूरच्या राज्यांतील मुले यावीत म्हणून शाळेतील वरच्या सप्तमांशात असलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशपरीक्षेशिवाय घेण्याची शिफारस तिने केली. परिणाम नेमका उलटा झाला. शहरांतील सरकारी शाळांच्या वरच्या सप्तमांशात ज्यू मुलेच पुष्कळ होती. १९२५ पर्यंत त्यांचे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक झाले.

येथे प्रशासनाला एक गोष्ट उमगली. शैक्षणिक निकष कोणताही लावला, मग ती परीक्षा असो वा शालेय क्रमांक, तरी निकाल हवा तसा येणार नव्हता. निकाल बदलायचा तर गुणवत्तेची व्याख्याच बदलणे भाग होते. १९२६ मध्ये हार्वर्डने प्रथम वर्षाची संख्या सुमारे एक हजारावर मर्यादित केली आणि निवडीत चारित्र्य, व्यक्तिमत्त्व व समाजातील वावर यांना वजन देण्याचे ठरवले. अर्जासोबत छायाचित्र मागवण्यात येऊ लागले. त्यापूर्वीच, १९२२ पासून, अर्जात वंश व वर्ण, धर्म, आईचे माहेरचे आडनाव आणि वडिलांचे जन्मस्थान विचारले जाऊ लागले होते. स्वतःच्या किंवा वडिलांच्या नावात जन्मानंतर काही बदल केला असल्यास त्याचे पूर्ण स्पष्टीकरणही द्यावे लागे. जो प्रश्न आडनावावरून जात ओळखणाऱ्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही, तोच हा प्रश्न होता. १९३३ मध्ये लोवेल निवृत्त झाले तेव्हा ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे पंधरा टक्क्यांवर, म्हणजे त्यांनी अकरा वर्षांपूर्वी मागितलेल्या आकड्यापाशी, येऊन ठेपले होते. मर्यादा नियमात लिहावी लागली नाही.

अन्य संस्थाही याच वाटेने गेल्या. प्रिन्स्टनने १९२२ मध्ये प्रवेश समिती नेमली आणि उमेदवारांची सामाजिक योग्यता श्रेणींत नोंदवण्यास सुरुवात केली. डार्टमथने त्याच सुमारास मुख्याध्यापकांचे अभिप्राय व माजी विद्यार्थ्यांनी घेतलेल्या मुलाखती यांवर आधारलेली निवडपद्धती आणली. आज ज्यास प्रवेश-कार्यालय म्हणतात, शिफारसपत्र, मुलाखत, निबंध आणि उपक्रमांची यादी ही ज्याची साधने आहेत, त्याची घडण अशी या चार-पाच वर्षांत झाली.

त्या काळातील एका विसंगतीकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. ज्यू विद्यार्थ्यांविषयीची तक्रार अशी असे की ते केवळ अभ्यास करतात, खेळात नसतात, क्लबांत दिसत नाहीत, संस्थेच्या जीवनात मिसळत नाहीत. वस्तुस्थिती अशी होती की त्यांच्यापैकी अनेकजण वसतिगृहाचा खर्च परवडत नसल्याने घरून ये-जा करत. संध्याकाळी काहींना काम असे. आणि हार्वर्डच्या प्रतिष्ठित क्लबांनी त्यांना सदस्यत्व देण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या मंडळींनी क्लबाचे दार लावून घेतले, त्यांनीच दाराबाहेर राहणे हा स्वभावदोष ठरवला. अभ्यासेतर कार्याचा निकष हा वेळ, पैसा आणि स्वीकार या तीन गोष्टींचाही निकष असतो, हे या प्रसंगात जितके स्वच्छ दिसते तितके नंतरच्या काळात क्वचितच दिसले.

युद्धोत्तर काळ

लोवेल यांच्यानंतर आलेले जेम्स ब्रायंट कोनंट हे रसायनशास्त्रज्ञ होते. दूरच्या गावांतील बुद्धिमान मुलांसाठी त्यांनी १९३४ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि त्यांच्या निवडीसाठी 'एस.ए.टी.' या चाचणीचा आधार घेतला. ही चाचणी प्रथम १९२६ मध्ये, म्हणजे चारित्र्याचा निकष दृढ झाला त्याच वर्षी, घेण्यात आली होती. पुढील शंभर वर्षांचा अमेरिकन वाद या दोन समवयस्क साधनांभोवती फिरत राहिला, असे म्हणता येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अर्जांची संख्या वाढली, ज्यूविरोधी भावना उघडपणे मांडणे अशक्य झाले, परंतु निवडीची यंत्रणा राहिली. १९५२ ते १९६० या काळात हार्वर्डचे प्रवेश-अधिष्ठाता असलेले विल्बर बेंडर यांनी तिला नवे समर्थन दिले. केवळ बुद्धीवर निवड केल्यास महाविद्यालय एकसुरी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यानंतरच्या काळात 'आनंदी तळचा चतुर्थांश' ही कल्पना रूढ झाली. कोणीतरी वर्गात तळाला असणारच. मग तेथे असे विद्यार्थी असावेत जे खेळात वा रंगमंचावर रमतील आणि तळाला असल्याचे दुःख करणार नाहीत! कल्पना व्यवहारचातुर्याची होती आणि तिच्यात थोडा शहाणपणाही होता. मात्र तिचा लाभ प्रामुख्याने खासगी शाळांतील सुस्थित मुलांना झाला.

न्यायाच्या दृष्टीने एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. १९६० च्या दशकात येलचे अध्यक्ष किंगमन ब्रूस्टर आणि प्रवेश-अधिष्ठाता इन्स्ली क्लार्क यांनी सरकारी शाळांतील, गरीब घरांतील व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दार उघडले, ते याच लवचीक यंत्रणेच्या आधारे. आकड्यांपलीकडे पाहण्याची मुभा असल्यामुळेच प्रतिकूल परिस्थितीतून आलेल्या मुलाची धडपड मोजता आली. १९७८ च्या बाकी खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डची पद्धत आदर्श म्हणून पुढे ठेवली, तीही याच अर्थाने. जे हत्यार बाहेर ठेवण्यासाठी घडवले गेले ते आत आणण्यासाठीही वापरता आले. ते कोणाच्या हाती आहे, यावर सारे अवलंबून राहिले.

सेवेचे तास

खेळ आणि क्लब यांच्या तुलनेत स्वयंसेवेचा प्रवेश उशिरा झाला. तिची नैतिक पार्श्वभूमी जुनी होती. जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या 'हल हाउस'सारख्या संस्थांत सुशिक्षित तरुण-तरुणी गरीब वस्तीत राहून काम करत. १९२१ मध्ये शालेय मुख्याध्यापकांच्या संघटनेने स्थापिलेल्या 'नॅशनल ऑनर सोसायटी'ने विद्वत्ता, नेतृत्व व चारित्र्य यांच्या बरोबरीने सेवा हाही निकष ठेवला. मेरीलँड राज्याने १९९२ मध्ये शालान्त प्रमाणपत्रासाठी पंचाहत्तर तासांची सेवा सक्तीची केली. असे करणारे ते पहिले राज्य होय.

तास मोजले जाऊ लागले की सेवेचे रूप पालटते. सुटीत परदेशी जाऊन दोन आठवडे शाळेच्या भिंती रंगवण्याचे, शुल्क आकारून आखलेले सेवा-दौरे निघाले. कोणता उपक्रम उठून दिसेल हे सांगणारे खासगी सल्लागार आले. २०१६ मध्ये हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने अनेक महाविद्यालयांच्या प्रवेश-अधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने अहवाल काढला. उपक्रमांची लांबलचक यादी नको, थोडे पण दीर्घकाळ केलेले काम हवे, असे त्याने सुचवले. धाकट्या भावंडांना सांभाळणे, घरखर्चासाठी नोकरी करणे यांनाही समाजसेवेइतकेच मोल द्यावे, ही त्यातील सूचना विशेष महत्त्वाची म्हणावी लागेल. किराणा दुकानात संध्याकाळी काम करणाऱ्या मुलाला आपल्या कामाचे नाव 'उपक्रम' आहे हे कोणी सांगितलेले नसते.

न्यायालयापुढे आलेले आकडे

हा निकष प्रत्यक्षात किती निर्णायक आहे? बहुसंख्य अमेरिकन महाविद्यालये आलेल्या अर्जांपैकी बहुतेकांना प्रवेश देतात, आणि तेथे शालेय गुण व घेतलेले विषय यांनाच खरे महत्त्व असते. अभ्यासेतर कार्याचे वजन मोजक्या, अतिशय स्पर्धात्मक संस्थांपुरते आहे. हार्वर्डविरुद्ध २०१४ मध्ये दाखल झालेल्या आणि २०१८ मध्ये बोस्टन येथे सुनावणी झालेल्या खटल्यामुळे त्याचे अंतरंग प्रथमच सर्वांसमोर आले. २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी देशांतर्गत सुमारे २६,००० अर्ज होते. त्यांपैकी ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांची शालेय श्रेणी परिपूर्ण होती, तर एस.ए.टी.च्या गणितात पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ३,००० हून अधिक होते. प्रवेश मिळणार होता एकूण सुमारे २,००० जणांना. अशा ठिकाणी गुण हे चाळण्याचे साधन उरत नाही, हे मान्य करावे लागते.

अधिकारी प्रत्येक उमेदवाराला शैक्षणिक, अभ्यासेतर, क्रीडा आणि वैयक्तिक अशा स्वतंत्र श्रेणी देत. आशियाई-अमेरिकन उमेदवार शैक्षणिक श्रेणीत पुढे होते. अभ्यासेतर श्रेणीतही ते मागे नव्हते. शंभर वर्षांपूर्वीच्या तक्रारीतून धडा घेऊन त्यांच्या पालकांनी व्हायोलिन, वादविवाद आणि सेवाकार्य या साऱ्याची तजवीज केलेली होती. न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी घरांतील मुलेही याच गटात मोडतात, हे ध्यानात ठेवावे. ते मागे पडले ते वैयक्तिक श्रेणीत, म्हणजे स्वभाव, मनमोकळेपणा, नेतृत्व यांच्या मोजमापात. हेतुपुरस्सर भेदभाव झाला नाही, असा निर्णय जिल्हा न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये तो फिरवून वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती अवैध ठरवली. अभ्यासेतर व वैयक्तिक निकष मात्र त्या निकालाने रद्द झाले नाहीत.

या खटल्यातील आणखी दोन आकडे बोलके आहेत. संघासाठी निवडलेल्या खेळाडूंपैकी शेकडा ८६ जणांना प्रवेश मिळत होता, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांना. एकूण प्रमाण शेकडा सहा-सातच्या आसपास होते. खेळाडू म्हटले की गरीब घरातील होतकरू मुलगा डोळ्यांसमोर येतो. पण या संस्थांत नौकानयन, तलवारबाजी, स्क्वॉश, पालनौका अशा खेळांचेही संघ असतात, आणि ते खेळ महागड्या शाळांतच शिकावयास मिळतात. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग व जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की चाचणीत समान गुण असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात या संस्थांत पोहोचतात. त्यांनी सांगितलेल्या तीन कारणांत माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना असलेले प्राधान्य, खेळाडूंची भरती आणि अशैक्षणिक श्रेणी यांचा समावेश आहे. २०१९ च्या मार्चमध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश-घोटाळ्यात तर काही पालकांनी पैसे देऊन आपल्या मुलांची खोटी क्रीडा-कारकीर्दच तयार करून घेतली होती.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे सेवा आणि प्रवेश यांचा संबंध निराळ्या रीतीने जोडला गेला. १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय सेवा समितीने विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेचा विचार मांडला. खर्च व अंमलबजावणी यांच्या अडचणींमुळे तो मागे पडला. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हे तिचे स्वरूप प्रत्येक प्राध्यापकास परिचित आहे. या सर्व रचनेत सेवा ही महाविद्यालयात आल्यानंतरची आहे. ती आत येण्याची किंमत नाही. हा भेद सहसा लक्षात घेतला जात नाही.

दारावर गुणांची यादी राहिली, त्याचेही कारण आहे. देणगी शुल्काच्या काळात व्यवस्थापनाच्या मर्जीवरील प्रवेश म्हणजे काय, हे महाराष्ट्राने पाहिले आणि १९८७ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. भिंतीवर लावलेली गुणानुक्रम यादी कितीही रुक्ष असली, तरी वशिला नसलेल्या मुलाला ती वाचता येते आणि तिच्याविरुद्ध दाद मागता येते. चारित्र्याच्या श्रेणीविरुद्ध दाद मागता येत नाही. अर्थात ही यादीही निरागस नाही. लातूर पॅटर्नपासून कोट्याच्या शिकवणीवर्गांपर्यंत गुण विकत घेण्याचे मार्ग आपण शोधून काढलेच आहेत.

दरम्यान हा भेद पुसट होऊ लागला आहे. शालान्त परीक्षेत खेळाडूंना आणि शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना वाढीव गुण मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांची जी नवी रचना झाली, तिच्यात राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, योग व कला यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक आहेत आणि समाजसहभागाच्या प्रकल्पांनाही आहेत. सेवेचे उपस्थितीपत्रक आता गुणपत्रिकेला जोडले गेले आहे. ते भरताना कार्यक्रम अधिकाऱ्यासमोर दोन विद्यार्थी असतात. एकजण सात दिवस दत्तक गावी जाऊन आलेला आहे. दुसरा त्या सात दिवसांत घरच्या शेतात कांदा काढत होता, आणि त्याच्या नावापुढे गैरहजर अशी नोंद आहे.